दोनशे बारा नंबरचा कडूनिंब

रोज सकाळी सात-सव्वासातच्या सुमारास धनसिंग राठोड हिवरदरी फाट्यावर उभा राहून एसटीला हात दाखवायचा, आणि एसटी थांबली की तिच्यात चढायचा मात्र नाही. हात दाखवायची त्याची रीत वेगळी होती. बाकीचे लोक हात वर करून हलवत, जसा कुणाला निरोप द्यावा. धनसिंग हात खांद्याच्या उंचीवर आडवा धरायचा, तळवा जमिनीकडे, आणि दोनदा खाली दाबायचा. हा हात एसटीतल्या माणसाचा आहे हे ड्रायव्हरला काचेतूनच कळायचं. ब्रेक लागायचा. शेलूबाजारला शाळेत जाणाऱ्या मुली, दवाखान्यात निघालेल्या बाया, डबा घेऊन कामावर जाणारे, सगळे चढायचे. शेवटचा पाय आत गेला की धनसिंग पत्र्यावर दोन थापा मारायचा. गाडी हलायची. धूळ बसेपर्यंत तो तिच्याकडे पाहत राहायचा आणि मग कडूनिंबाखाली येऊन बसायचा. पण बसणंही असं, की पुढच्या मिनिटाला उठायचं आहे.

बत्तीस वर्षं त्यानं कंडक्टरी केली होती. निवृत्त होऊन तिसरं वर्ष चालू होतं, पण उभ्यानं जगायची सवय पायातून गेली नव्हती. जेवतानाही तो एक गुडघा वर ठेवून बसायचा.

"रिटायर झालेला मानूस घरी बसते," त्याची बायको भुरीबाई तांड्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची. "आमचा रिटायर झाला त रोडवर जाऊन उभा राह्यला."

"मी नाई गेलो त गाडी थांबत नाई."

"गाडी थांबते, तूच थांबत नाईस."

पण धनसिंगचं खरं होतं. फाट्याचा थांबा कागदावर होता, पण भरलेली गाडी कागद पाहत नाही. हात दिसला नाही असं दाखवून ड्रायव्हर पुढे निघून जायचे, आणि मग मागे राहिलेल्यांना देवमनची जीप. देवमन गावातला, त्याची जीप दहाची होती आणि त्यात अठरा माणसं बसत. बसत म्हणजे मावत.

फाट्यावरून तीन वाटा फुटायच्या. एक गावात, एक तांड्यावर, एक भीमनगरात. निवारा नव्हता, बाकडं नव्हतं, पाण्याचा नळ नव्हता. होता तो एक कडूनिंब, दोन माणसांच्या कवेत न मावणारा. तिन्ही वाटांची माणसं त्याच्याखाली येऊन उभी राहत. गावात ज्यांची घरं एकमेकांपासून लांब होती, ती माणसं इथं एकाच मुळीवर टेकत, कारण दुसरी मुळी नव्हती. बाजाराच्या दिवशी शेलूबाजारहून अमीनाबी बांगड्यांचं टोपलं घेऊन उतरायची आणि बुंध्याला पाठ लावून दुकान मांडायची. बाया गाडीची वाट पाहता पाहता हात पुढे करत. कित्येकदा गाडी यायची तेव्हा एक हात भरलेला असायचा आणि दुसरा रिकामा. मग धनसिंग ड्रायव्हरला ओरडून सांगायचा, "थांब ना बे, एकच हात राह्यला!"

मग रस्ता रुंद व्हायला लागला.

शेलूबाजारच्या बाजूनं काम सरकत आलं. चिंचा गेल्या, बाभळी गेल्या. ज्या झाडांना धनसिंग बत्तीस वर्षं खिडकीतून मागे जाताना पाहत आला होता, ती एका महिन्यात आडवी झाली आणि रस्ता असा उघडा पडला की ओळखीचा वाटेना. एके दिवशी दोन माणसं आली. त्यांनी कडूनिंबाची साल हातभर तासली, पांढरा पट्टा मारला आणि त्यावर लाल रंगानं आकडा घातला: २१२.

भीमनगरची सुकेशनी गावाची आशाताई होती. औषधं-गोळ्या घेऊन तिन्ही वस्त्यांत दारोदार पायी फिरायची, त्यामुळे सावलीची किंमत तिला पायांच्या तळव्यांनी ठाऊक होती. तिनंच अर्ज लिहिला. झाड ठेवा, रस्ता चार फूट पलीकडे घ्या, निवारा बांधा, गाडी थांबलीच पाहिजे. सह्या तिनं तिन्ही वस्त्यांतून गोळा केल्या आणि धनसिंगनं गाडीत चढून, एका थांब्यापुरता, सीटांमधून पुढे सरकत. तीनशे चाळीस सह्या आणि अंगठे. सगळ्यात वर सुकेशनीची.

अर्ज दिला. दुसरा दिला. तिसरा दिला तेव्हा कार्यालयातल्या माणसानं आधीचे दोन आहेत की नाहीत तेच माहीत नाही असं सांगितलं. तोवर झाडं पाडणारं मशीन अलीकडच्या फाट्यावर येऊन उभं होतं.

धनसिंगला त्या आठवड्यात अन्न गोड लागलं नाही. तो तांड्यावरून फाट्यावर जायचा, फाट्यावरून तांड्यावर यायचा, पुन्हा जायचा. आकड्याकडे पाहायचा. नोकरीत तो एक गोष्ट पक्की शिकला होता. ज्याला नंबर आहे ते कागदावर आहे, आणि ज्याला नंबर नाही त्याचं कुणी काही करू शकत नाही. नंबर नसलेलं तिकीट फाडता येत नाही, नंबर नसलेलं पार्सल उतरवता येत नाही. मग नंबर नसलेलं झाड कसं पाडतील? यादी घेऊन माणूस येणार, दोनशे अकरा पाडणार, दोनशे तेरा पाडणार, आणि मधलं न सापडून डोकं खाजवत जाणार.

एवढाच त्याचा विचार होता. आकडा झाकायचा.

घरात रंग नव्हता. भुरीबाईनं मारोतीसाठी आणलेली शेंदराची पुडी होती. उजाडता उजाडता त्यानं वाटीत गोडं तेल घेतलं, शेंदूर कालवला आणि फाट्यावर जाऊन पांढऱ्या पट्ट्यावर बोटांनी नीट, कडेपर्यंत लेप दिला. आकडा दिसेनासा झाला. हात मातीला घासून तो विहिरीवर धुवायला गेला.

परत आला तेव्हा झाडाच्या बुंध्याशी नारळ होता.

कुणी ठेवला, कळलं नाही. थोड्या वेळानं उदबत्ती आली. गावातली एक म्हातारी पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली, तिच्या मागे दुसरी. सातची गाडी आली. धनसिंगनं हात वर उचलेपर्यंत ती थांबलीही होती. ड्रायव्हरनं स्टिअरिंगवरचे दोन्ही हात जोडले. ज्या थांब्यासाठी तीन अर्ज गेले होते, तो थांबा शेंदरानं एका सकाळीत मिळवला. धनसिंग हात अर्धा वर घेऊन तसाच उभा राहिला. पत्र्यावर दोन थापा मारायचंही तो विसरला.

तीन दिवसांनी मशीन आलं. चालवणारा परमुलखातला होता. त्यानं झाडाकडे पाहिलं, मशीन बंद केलं, खाली उतरून आधी चपला काढल्या आणि मान हलवली. मुकादम फोनवर बोलला, फोन ठेवला, पुन्हा बोलला. टेप पुन्हा धरली गेली. रस्ता चार फूट पलीकडे सरकला.

सगळ्या फाट्यावर आनंद झाला. सुकेशनी पळत आली. "काका, वाचलं ना झाड!" मग आवाज खाली आणून, "पन हा शेंदूर कोनं लावला?"

धनसिंगनं वर फांद्यांकडे पाहिलं. "कोन जाने बाई."

बत्तीस वर्षं दुसऱ्यांचं खोटं पकडणारा माणूस तो. स्वतःचं खोटं बोलताना त्याला तिकीट न काढता बसल्यासारखं झालं.

ओटा जीपवाल्या देवमननं बांधला. मनापासून बांधला, वाळू स्वतः चाळली, फरशा स्वतः बसवल्या. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ओट्यावर कठडा आला, कठड्याला छोटं फाटक आलं, फाटकावर पाटी आली: 'चपला बाहेर काढाव्या. ओट्यावर सामान ठेवू नये.' गावातले लोक चपला काढून सावलीत बसू लागले. त्यात वावगं काही नव्हतं. फक्त बाजाराच्या दिवशी अमीनाबी उतरली, तिनं पाटी वाचली नाही, पण कठडा पाहिला. टोपलं घेऊन ती रस्त्याच्या कडेला उन्हात जाऊन बसली. तिला कुणी काही बोललं नव्हतं.

धम्मदीपाला बोलले. ती सुकेशनीची भावजय, कडेवर सहा महिन्यांचं लेकरू. चपला काढून ओट्यावर टेकली तर देवमन हसत हसत म्हणाला, "वयनी, तुमी त देव मानत नाई ना? मंग देवाच्या सावलीत कायले बसता?"

दोघं-तिघं हसले. धम्मदीपा उठली. चपला हातात घेऊनच खाली उतरली.

मे महिना लागला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आता दुसरं झाड उरलं नव्हतं, आणि नव्या डांबराची धग वर यायची. एका दुपारी धनसिंगनं पाहिलं, देवमनची जीप कडेला उभी होती आणि तिच्या सावलीच्या पट्ट्यात लेकराला घेतलेली धम्मदीपा आणि अमीनाबी अंग चोरून बसल्या होत्या. जीप चार पावलं पुढे सरकली. दोघी उठल्या, चार पावलं पुढे जाऊन बसल्या. देवमननं कुणा प्रवाशाची हाक ऐकून जीप मागे घेतली. त्या उठल्या, मागे आल्या. तिसऱ्या वेळी अमीनाबीचं टोपलं उन्हातच राहिलं. ते ओढून घ्यायला तिनं हात लांब केला तेव्हा बांगड्या किणकिणल्या. ओट्यावरचं कुणीतरी म्हणालं, "संभाळून बापा, फुटतीन."

धनसिंग ओट्यावर बसला होता. तो उठला. कुठं जायचं ते न कळून पुन्हा बसला.

घरी ताटावरून तो तिसऱ्यांदा उठला तेव्हा भुरीबाईनं त्याचा हात धरला. "काय खुपून राह्यलं सांग. आता सांग, नाई त ताट उचलते."

त्यानं सांगितलं. भुरीबाई आधी हसली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग एकाएकी थांबली.

"म्हंजे तो माहा शेंदूर होता?"

"होय."

"मारोतीसाठी ठेवलेला?"

"होय ना."

"अन् मी त रोज पाया पडून राह्यली त्या नंबराच्या!"

दुसऱ्या दिवशी तो सुकेशनीकडे गेला. ती ओसरीत रजिस्टर भरत बसली होती. धनसिंगचं सगळं ऐकेपर्यंत तिनं पेन खाली ठेवला नाही. मग आत जाऊन एक कागद घेऊन आली. कार्यालयाचं उत्तर होतं, आठवड्यापूर्वी आलेलं.

"ऐका काका. 'स्थानिक ग्रामस्थांच्या धार्मिक भावना विचारात घेऊन सदर वृक्ष वगळण्यात येत आहे.' एवढंच हाय. अर्जाचं नाव नाई. तीनशे चाळीस सह्या केल्या आपुन. त्यातली एक बी भावना धार्मिक नवती. सावलीची होती."

"पुसून टाकतो मी. उद्याच्या उद्या."

"पुसान त नंबर दिसन. पुलाचं काम अजून बाकी हाय, मशीन अथीच उभी हाय त्याहीची. झाड गेलं त ना तुमची सावली ना आमची."

"मंग काय करू?"

सुकेशनीनं कागदाची घडी घातली. ती चिडली की हळू बोलायची. "मले नका इचारू काका. मी सही केली होती. शेंदूर नवता लावला."

ते वाक्य धनसिंगच्या अंगात काट्यासारखं राहिलं. झाड वाचवायचं तर खोटं तसंच ठेवायचं. खोटं पुसायचं तर झाड पणाला लावायचं. चार दिवस तो फाट्यावर गेला, पण ओट्यावर चढला नाही. उन्हात, अमीनाबी बसायची त्या जागेपाशी उभा राहिला. गाड्या त्याच्या हाताशिवाय थांबत होत्या. काही थांबत नव्हत्या. लग्नसराई होती, भरलेल्या गाडीतून ड्रायव्हर देवाला हात जोडायचा आणि वेग कमी न करता निघून जायचा.

पाचवा दिवस बाजाराचा. फाटा भरलेला होता. धनसिंग तेलात भिजवलेला फडका घेऊन आला आणि चपला घालूनच ओट्यावर चढला.

"धनसिंगभाऊ, चप्पल!" देवमन ओरडला.

धनसिंगनं ऐकलं नाही. तो बुंध्याशी गेला आणि शेंदूर पुसू लागला. बायांनी तोंडाला पदर लावले. फडका लाल झाला, हात लाल झाले, आणि खालून हळूहळू दोन आला, मग एक, मग दोन.

"हे पाहा," तो वळून म्हणाला. आवाज गाडीत चढायचा तसा चढला होता. "देव नाई. दोनशे बारा नंबर हाय. मीच झाकला होता. घरचा शेंदूर, घरचं तेल. झाडाखाली कोनी बी बसावं म्हनून झाकला, कोनाले उठवासाठी नाई."

मग ओट्यावरच्या एका म्हाताऱ्यानं सावकाश हात जोडले.

"म्हंजे देवानं तुह्याच हातानं करून घेतलं म्हन की."

"अहो आजा, मी सांगून राह्यलो ना, मी..."

"तुले कसं समजन? करून घेनारा तो."

एक बाई पुढे झाली आणि तिनं २१२ ला बोटं लावून ती कपाळाला लावली. दुसरीनंही तेच केलं. धनसिंग हातातला फडका तसाच धरून पाहत राहिला. विनातिकीट प्रवाशांशी तो आयुष्यभर भांडला होता, पण असा कधी हरला नव्हता.

"झालं?" देवमन म्हणाला. "आता चप्पल काढा अन् उतरा खाली. नाई त बरं नाई होनार."

तेव्हा भुरीबाई फाटक ढकलून आत आली. ओट्याच्या मधोमध मांडी घालून बसली आणि रस्त्याकडे तोंड करून हाक मारली, "अमीनाबी! ये वं. हात भरून दे मले."

अमीनाबीनं उन्हातूनच हात हलवला. "नको भाबी. तुमीच या खाली. मी अथीच बरी."

"खाली ऊन हाय. उन्हात हात फुगते. बांगडी टिचली अन् हात कापला त तू जिम्मेदार!"

आजूबाजूच्या बाया हसल्या. ओट्यावर दुर्गाबाई बसली होती, देवमनची बायको. दुसऱ्या दिवशी तिच्या भाचीची हळद होती आणि तिचे हात रिकामे होते. सकाळपासून तिची नजर त्या टोपल्यावर होती. ती म्हणाली, "ये ना अमीनाबी. मले बी भरायच्या हाय. गाडी येईन आता."

देवमन बायकोकडे पाहत राहिला.

अमीनाबीनं टोपलं उचललं. फाटकाबाहेर चपला काढल्या. आत येताना ती कठड्याला अंग लागू नये अशी तिरकी होऊन आली. बुंध्याला पाठ लावून बसली, पूर्वी बसायची तिथंच. डोक्यावर दोनशे बारा. तिनं आधी भुरीबाईचा हात घेतला, अंगठ्याखालचं हाड दाबून पाहिलं, हिरव्या बांगड्या एकामागून एक चढवल्या. मग दुर्गाबाईचा. दुर्गाबाईचा हात जाड होता. तिनं ओठ दाबून डोळे मिटले, अमीनाबी "ढिला सोड, ढिला सोड माय" म्हणत राहिली, आणि शेवटची बांगडी सरकली तेव्हा दोघींनी एकदम श्वास सोडला.

बांगड्या भरून झाल्या की भरणारीला नमस्कार करायचा असतो. हे दुर्गाबाईला विचार करून करावं लागलं नाही. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि नव्या बांगड्या वाजवत अमीनाबीपुढे वाकली.

अमीनाबीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "खुश राह्य."

देवमन खिशातून किल्ली काढत जीपकडे गेला आणि गरजेपेक्षा मोठ्यानं ओरडला, "चला, शेलूबाजार, शेलूबाजार! बसा कोनी असन त!"

कुणीच उठलं नाही. धम्मदीपा लेकराला घेऊन फाटकातून आत आली आणि अमीनाबीच्या पलीकडे टेकली. सुकेशनी बाहेरच उभी होती. तिनं धनसिंगच्या लाल हातांकडे पाहिलं आणि पर्समधून रुमाल काढून त्याच्याकडे टाकला.

त्यानंतर सगळं सरळ झालं, असं नाही. पाटी दिवाळीपर्यंत तशीच होती. कुणी चपला काढायचं, कुणी नाही, आणि त्यावरून तोंडातोंडी व्हायची. कठड्याला एक टेम्पो मागे घेताना धडकला आणि वाकलेला कठडा कुणी सरळ केला नाही. निवाऱ्याचा चौथा अर्ज सुकेशनीनं दिला, त्याचं उत्तर आलेलं नाही. आणि २१२ आता उघडा होता. फाट्यापाशी एखादी पांढरी सरकारी गाडी हळू झाली तरी धनसिंग ताडकन उठून झाडाच्या पुढे जाऊन उभा राहायचा. गाडी निघून गेली तरी बराच वेळ बसायचा नाही.

सकाळी हात दाखवायला तो जातच राहिला. देवाला पाहून थांबणारे ड्रायव्हर होते, आणि न थांबणारेही होते.

कार्तिकातल्या एका सकाळी त्यानं हात आडवा धरून सातची गाडी थांबवली, सगळ्यांना चढवलं, पत्र्यावर दोन थापा मारल्या. थंडीतही त्याच्या कपाळावर घाम होता, असं धम्मदीपा नंतर सांगायची. तो ओट्याकडे आला. उलट बाजूच्या गाडीनं उतरलेली अमीनाबी बुंध्याशी टोपलं मांडत होती, शेजारी दोन म्हातारे, धम्मदीपा, तिचं आता पावलं टाकणारं लेकरू. जागा नव्हती. आपल्या बसण्यासाठी त्यानं आजवर कुणाला उठवलं नव्हतं, म्हणून अमीनाबीला त्याचे ते शेवटचे शब्द लक्षात राहिले.

"अमीनाबी, टोपलं घे जरा तिकडं," तो म्हणाला. "मले टेकू दे."